गंगाजळी आणि उचल

२०२४ च्या जुलैत, विवरणपत्रे भरण्याच्या ऐन गर्दीत, तेवीस-चोवीस वर्षांचा एक मुलगा परळीच्या मोंढ्यात माझ्या टेबलासमोर येऊन बसला. आयटीआय झालेला, ठेकेदाराकडे वायरिंगची कामे करणारा. त्याचा पगार कर लागण्याइतका नव्हता, तरी त्याच्या पॅनवर १,८४२ रुपये कापल्याची नोंद होती. ‘काका, हे काय कापलंय हो?’ मी त्याचे करकपातीचे पत्रक, २६ एएस, उघडले. कलम १९४ बीए, ऑनलाइन खेळात निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के. म्हणजे वर्षभरात याने ६,१४० रुपये जिंकले होते. मी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. माझ्या नजरेतला प्रश्न त्याला कळला असावा, कारण त्याने सॅकमधून शंभर पानी वही काढून माझ्यापुढे सरकवली.

ऑनलाइन पोकरच्या हिशेबाच्या त्या वहीमुळे ही पुस्तिका लिहिली गेली. पट्टीने आखलेले पाच रकाने: तारीख, आत, बाहेर, शिल्लक आणि शेवटी एक अरुंद रकाना, ज्यात नुसती बरोबरची किंवा चुकीची खूण. ही खूण निकालाची नव्हती. हरलो तरी नीट खेळलो असेन तर बरोबर, जिंकलो तरी घाईने खेळलो असेन तर चूक, असा त्याचा नियम. बहुतेक ओळींत ‘बाहेर’खाली ५५ आणि ‘आत’खाली शून्य. पहिल्या पानावर, तारखेच्याही वर, निळ्या शाईत एकच वाक्य होते: ‘हे पैसे घरचे नाहीत.’

मी तीस वर्षे व्यापाऱ्यांच्या रोजकीर्दी लिहितो आहे. घरखर्चाची पेटी आणि दुकानाचा गल्ला वेगळा ठेवा, हे सांगून थकलो. चांगली कमाई असलेली माणसेही ऐकत नाहीत. पत्त्यांच्या खेळाविषयी माझ्या मनात लहानपणापासून अढी आहे. पण मुद्दल कसे सांभाळावे हे त्या मुलाला माझ्या निम्म्या अशिलांपेक्षा जास्त कळले होते, आणि हे मान्य केल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

पोकर खेळणारे ज्याला बँकरोल म्हणतात त्याला मराठीत फार चांगला शब्द आधीपासून आहे: गंगाजळी. देशाच्या परकीय चलनाच्या साठ्याला वर्तमानपत्रे हाच शब्द वापरतात. मूळ अर्थ मात्र देवघरातला. काशीहून आणलेला, तोंड बंद केलेला तांब्याचा गडू. आमच्या घरी आजीने आणलेला होता. तहान लागली म्हणून तो कुणी फोडत नसे. तो कशासाठी आहे हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. ठराविक कामासाठी बाजूला काढलेला, दुसऱ्या कशालाही न वापरायचा साठा, हा अर्थ त्या गडूतूनच पैशाकडे आला.

परळीकराला गंगाजळीचे महत्त्व पटवायला दूर जावे लागत नाही. इथल्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन आणि २५० मेगावॉटचे दोन संच होते, मिळून १,१३० मेगावॉट. २०१३ च्या फेब्रुवारीत ते सगळे थंड पडले. यंत्रे धड होती, माणसे पाळीवर हजर होती. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी नव्हते. २०१५ च्या दुष्काळात पुन्हा तेच झाले. आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि त्या गंगेचे पाणी आटले म्हणून हजारो कोटींचे केंद्र उभ्या उभ्या बंद झाले. चिमण्यांतून धूर येत नव्हता ते दिवस ज्यांनी पाहिलेत, त्यांना मी एवढेच सांगेन: पोकरमधले कौशल्य म्हणजे संच आणि गंगाजळी म्हणजे बंधाऱ्यातले पाणी. पाणी संपले की संच किती चांगला होता याला अर्थ उरत नाही.

आता हे पाणी लागते किती, हा या पुस्तिकेचा गाभा. इथे जरा सावकाश जाऊ.

छोट्या रकमेची एक नमुन्याची स्पर्धा घ्या. प्रवेशफी ५५ रुपये. त्यातले ५० बक्षिसाच्या रकमेत, ५ खेळवणाऱ्या कंपनीचे. दोनशे खेळाडू आले तर बक्षिसाला दहा हजार जमतात. साधारण तीस जणांना काही ना काही मिळते आणि एकशे सत्तर जण रिकाम्या हाताने जातात. मिळणाऱ्या तिसांतही खालच्या निम्म्यांना प्रवेशफीच्या दुप्पटच्या आसपास. पहिल्याला दोनेक हजार, दुसऱ्याला तेराशे, तिसऱ्याला नऊशे. म्हणजे खरा पैसा वरच्या तीन-चार खुर्च्यांवर, आणि तिथवर चांगला खेळाडूही क्वचित पोहोचतो.

सरासरी खेळाडूचा हिशेब एका ओळीत संपतो. शंभर स्पर्धांत तो ५,५०० भरतो आणि ५,००० परत मिळवतो. पाचशे गेले. त्याची गंगाजळी कितीही मोठी असो, ती आटणारच. मोठी असेल तर सावकाश आटेल, इतकाच फरक. ज्याला खेळात धार नाही त्याला पैशाचे कसलेही नियोजन वाचवू शकत नाही. गंगाजळीवर लिहिणारे बरेच लोक हे वाक्य शेवटी कुठेतरी टाकतात. मी ते इथेच ठेवतो.

धार असलेला खेळाडू घेऊ. दर शंभर रुपयांमागे दीर्घकाळात पंधरा रुपये मिळवणारा; छोट्या टेबलांवर ही चांगली कामगिरी म्हणायची. समजा शंभरातल्या अठरा स्पर्धांत त्याला बक्षीस मिळते. म्हणजे ब्याऐंशी वेळा तो हरतो. लागोपाठ वीस स्पर्धांत काहीच न मिळण्याची शक्यता सुमारे दोन टक्के निघते. दोन टक्के ऐकायला नगण्य वाटतात, पण पाचशे स्पर्धा खेळणाऱ्याला असा वीस स्पर्धांचा कोरडा पट्टा एकदा तरी लागण्याची शक्यता ऐंशी टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्याकडे पाऊस न पडलेल्या आठवड्यांना खंड म्हणतात. ज्याने खंड गृहीत धरून पेरणी केली नाही, त्याचा दोष पावसावर घालता येत नाही.

बक्षिसे अशी वरच्या खुर्च्यांवर साठलेली असल्यामुळे निकालाची हेलकावे घेण्याची वृत्ती फार मोठी असते. वरच्या नमुन्यात एका स्पर्धेचे प्रमाण विचलन प्रवेशफीच्या चारपटीहून थोडे अधिक येते. त्यातून निघणारे आकडे मी तीनदा तपासले, कारण माझाच विश्वास बसेना. शंभर स्पर्धांनंतर या चांगल्या खेळाडूचा अपेक्षित नफा ८२५ रुपये, आणि निकाल त्याच्या दोन्ही बाजूंना २,३०० रुपयांनी सहज झुलतो. म्हणजे शंभर स्पर्धांनंतरही असे दहा खेळाडू घेतले तर त्यांतले चारेक तोट्यात असतील. हजार स्पर्धांनंतर अपेक्षित नफा ८,२५० रुपये, आणि तरीही सात-आठांतला एक जण तोट्यात. हजार स्पर्धा म्हणजे रोज दोन खेळल्या तर सव्वा वर्षाहून जास्त. इतके दिवस नीट खेळूनही हाती उणे शिल्लक येऊ शकते, आणि त्या माणसाने चूक काहीच केलेली नसते. वहीतला पाचवा रकाना का हवा, ते इथे कळते.

या हेलकाव्यात तग धरायला किती साठा हवा याचे उत्तर बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये दिले. ते दूरध्वनीच्या तारेवरून जाणाऱ्या माहितीचा अभ्यास करत होते आणि त्यातून डावाचे गणित सुटले. धार जितकी जास्त तितका डावावर लावायचा हिस्सा मोठा. हेलकावे जितके जास्त तितका तो लहान. आणि धारच नसेल तर हिस्सा शून्य. आपल्या नमुन्याला ते सूत्र लावले तर एका स्पर्धेला साठ्याचा सुमारे एकशेविसावा भाग येतो. ५५ रुपयांच्या टेबलाला ६,६०० रुपये. आपली धार आपल्याला वाटते त्याहून सहसा कमीच असते, म्हणून सावध माणूस याच्या दुप्पट धरतो. अनुभवी खेळाडू शंभर ते दोनशे प्रवेशफींचा साठा सांगतात तो काही अंधश्रद्धेतून आलेला नाही.

याच गणितात दुसरे एक सत्य आहे, जे सांगताना जाहिरातदारांची जीभ अडखळते. पंधरा टक्के धार म्हणजे ५५ रुपयांच्या एका स्पर्धेमागे सव्वाआठ रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीची एका दिवसाची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती. तेवढे मिळवायला या कुशल खेळाडूला सरासरी अडतीस स्पर्धा खेळाव्या लागतील. तीस टक्के कर वजा केला तर चोपन्न. एकेक स्पर्धा दोन-तीन तास चालू शकते. छोट्या टेबलावर पोट भरत नाही. तिथे माणूस खेळ शिकतो, करमणूक करतो आणि पैशाशी वागण्याची सवय लावून घेतो. कुणी याहून मोठे स्वप्न दाखवत असेल तर त्याला ही चार ओळींची आकडेमोड दाखवा.

आता शीर्षकातला दुसरा शब्द. बीड जिल्ह्यात उचल म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती लग्नात, दवाखान्यात, घराच्या पत्र्यांत खर्च झालेली असते, आणि मग थंडीत फडात वाकून ती फेडायची असते. हंगाम संपताना फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षीचा कोयता आताच बांधला जातो. ही त्या माणसांची लाचारी आहे. तिच्यामागे कोरडवाहू जमीन आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे दारिद्र्य आहे. म्हणूनच ज्याला कुठलीही सक्ती नाही असा धडधाकट तरुण मोबाइलवरच्या डावासाठी उचल घेतो तेव्हा माझा जीव तुटतो.

असा एक मुलगा मी जवळून पाहिला. ११० रुपयांच्या स्पर्धेत त्याला एका रात्री अठरा हजार मिळाले. त्याने ते आपल्या कौशल्याचे मोजमाप मानले आणि दुसऱ्या दिवशी ११०० रुपयांच्या टेबलावर जाऊन बसला. अठरा हजारांत ११०० चे सोळा प्रवेश होतात. बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून त्याच स्पर्धेत शिरता येते, ज्याला री-एंट्री म्हणतात. तो एका रात्रीत तीन-तीन वेळा शिरला. नवव्या दिवशी खाते रिकामे. मग महिना शेकडा पाचने तीस हजार घेतले. त्याचे व्याजच महिन्याला दीड हजार. पंधरा टक्के धार असलेला खेळाडूसुद्धा तेवढे व्याज खेळातून काढायला महिन्याला दहा हजारांच्या स्पर्धा खेळेल, आणि हेलकावा उलटा बसला तर तेही नाही. शेवटी ती रक्कम वडिलांच्या सोयाबीनमधून फिटली. पट्टी माझ्याच टेबलावर आली होती. कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई, आणि खाली वडिलांची थरथरती सही. त्या कागदावर पोकर हा शब्द कुठेही नव्हता.

वहीवाल्या मुलाने उलट्या टोकाने सुरुवात केली. महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकत अकरा महिन्यांत ५,५०० जमवले आणि तोवर केवळ फुकटच्या स्पर्धा खेळला, ज्यांना फ्रीरोल म्हणतात. शिल्लक चार हजारांखाली गेली की २२ रुपयांच्या टेबलावर उतरायचे, अकरा हजारांवर गेली की ११० च्या टेबलाचा विचार करायचा, असे त्याने आधीच लिहून ठेवले होते. वर चढायला सगळ्यांना आवडते; उतरणे मात्र अंगावर येते. ५५ वर बसणाऱ्याला २२ वर बसताना आपली पायरी घसरल्यासारखे वाटते. वहीत अशी तीन उतरणी दिसतात. दुसऱ्या वेळी त्याने दोन आठवडे चालढकल केली असावी, कारण त्या तारखांपुढच्या शेवटच्या रकान्यात सलग चुकीच्या खुणा आहेत. तिसऱ्या वेळी त्याच दिवशी उतरला.

अमेरिकेतल्या ख्रिस फर्ग्युसन या नामांकित खेळाडूने २००६ पासून हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. शून्य डॉलरपासून, फुकटच्या स्पर्धांतून सुरुवात. मोठ्या स्पर्धेत साठ्याच्या दोन टक्क्यांहून जास्त लावायचे नाही. सुमारे दीड वर्षात दहा हजार डॉलर झाले. ही गोष्ट पोकरवरच्या लेखनात पुन्हा पुन्हा येते. तिची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. ज्या फुल टिल्ट संकेतस्थळावर हा प्रयोग झाला आणि ज्याच्या संचालकांत फर्ग्युसन स्वतः होते, ते एप्रिल २०११ मध्ये अमेरिकी सरकारच्या कारवाईत सापडले आणि खेळाडूंचे पैसे वेगळे ठेवलेलेच नव्हते असे उघड झाले. अमेरिकी खेळाडूंना परतफेड सुरू व्हायला २०१४ उजाडले. दोन टक्क्यांचा नियम प्राणपणाने पाळणाऱ्यांचीही गंगाजळी अडकली, कारण गडू दुसऱ्याच्या घरात होता. बंद पतसंस्थेच्या शटरसमोरच्या रांगा बीड जिल्ह्याने पाहिल्या आहेत. आठवड्याला लागेल तेवढेच अ‍ॅपवर आणि बाकीचे स्वतःच्या बँक खात्यात, हा नियम मी म्हणूनच सगळ्यांच्या वर ठेवतो.

कराचे प्रकरण पुस्तिकेत स्वतंत्र आहे, इथे दोनच गोष्टी. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कपात आली, आणि ती पैसे काढतानाच नव्हे तर ३१ मार्चला खात्यात पडून असलेल्या जिंकलेल्या रकमेवरही. एका अ‍ॅपवरचा तोटा दुसऱ्या अ‍ॅपवर जिंकलेल्या रकमेतून वजा न करताच कपात होई. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी बसला; कंपन्या तो बोनसने भरून देत, पण बोनस रोख नसतो. वहीतली शिल्लक मोजताना सरकारचा हिस्सा आपला समजणारे मार्चअखेर फसत.

मग संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला आणि २२ ऑगस्ट २०२५ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटले होते. पोकरबाबत उच्च न्यायालयांत एकमत नव्हते, गुजरातने २०१७ मध्ये त्याला नशिबाचा खेळ ठरवले. नव्या कायद्याने हा वादच बाजूला सारला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ बंद. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशाची टेबले लगेच थांबवली. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

मग आता ही पुस्तिका कशाला, असे मला घरातूनच विचारले गेले. बंदीनंतर माझ्याकडे येणारी मुले थांबली नाहीत. काही जण परदेशी अ‍ॅपकडे वळले, जिथे पैसे कुणातरी एजंटच्या खात्यावरून फिरतात. त्यांना मी स्पष्ट सांगतो की तिथे एक रुपयाही ठेवू नका. ते बेकायदा आहे, आणि पैसे अडकले तर कुणाच्या दारात उभे राहणार? काही जण शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सकडे गेले. तिथे सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शंभरातल्या त्र्याण्णव वैयक्तिक व्यवहारकर्त्यांचा तोटा झाला. टेबल बदलले, पण साठ्याचा किती भाग एका डावावर लावायचा हा प्रश्न त्यांच्यासोबत गेला. न्यू जर्सीत ऑनलाइन पोकर २०१३ पासून कायदेशीर आहे आणि तिथे मराठी घरे पुष्कळ आहेत. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोंत समोरासमोरच्या स्पर्धा होतात, प्रवेशफी हजारांत. त्या वाचकांनाही हे गणित लागेल. फुकट चिप्सवर खेळून ते शिकता येते, रुपया न लावता.

पुस्तिकेत सात प्रकरणे आहेत. आकडेमोड जिथे जड झाली तिथे मी ती परिशिष्टात नेली आहे. उदाहरणे सगळी ५५ रुपयांच्या टेबलावरची ठेवली, कारण मोठे आकडे पाहिले की डोळे दिपतात आणि हिशेब दिसेनासा होतो. वहीचे एक कोरे पान शेवटी छापले आहे, पाच रकान्यांचे.

तो मुलगा आता पुण्यात एका कारखान्यात आहे. दिवाळीला परळीत आला तेव्हा वही दाखवायला घेऊन आला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने खात्यातले सगळे पैसे काढले, त्याची नोंद लाल शाईत, खाली दुहेरी रेघ. पुढच्या पानावर रकाने तसेच आखलेले आहेत. ‘आत’खाली पगार. ‘बाहेर’खाली खोलीभाडे, मेस, बसपास, गावी पाठवले. शेवटच्या अरुंद रकान्यात अजून बरोबरच्या आणि चुकीच्या खुणा आहेत.